फक्कीची रेघ, पिवळी रेघ

मागच्या अंकात मी मतदान केंद्राबाहेरच्या १०० मीटरच्या रेघेबद्दल लिहिलं होतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करायचा नाही असं लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चं १३० वं कलम सांगतं, म्हणून सकाळी सकाळी फक्कीची पांढरी रेघ मारली जाते आणि मग सगळ्या पक्षांची टेबलं, मतदार यादी, चिठ्ठ्या, वडापावचे खोके हे सगळं त्या रेघेला अगदी नाक लावून पलीकडे बसतं. बोलायला बंदी नाही, फक्त इथून तिथपर्यंत नको, एवढाच माझा मुद्दा होता. आता यावर कोणी भांडेल तर इथलं कोणीतरी भांडेल असं वाटलं होतं, पण पत्रं आली बोस्टनहून, इंग्लंडहून, आयर्लंडहून, आणि त्यातली बरीचशी एकाच विषयाची, गर्भपात करणाऱ्या क्लिनिकबाहेरच्या रेघांची. तर यावेळी सगळा रकाना त्यालाच.

प्रश्न : ताई, सहा महिन्यांसाठी मुलीकडे बोस्टनला आलेय. तिची नेहमीची तपासणी होती, पॅप स्मिअर की काय म्हणतात ती, म्हणून तिच्याबरोबर एका बायकांच्या क्लिनिकला गेले. दाराबाहेर माझ्याच वयाची एक बाई, छान स्वेटर घातलेली, हातात पत्रकं, अगदी गोड आवाजात मुलीला म्हणाली की बाळासाठी मदत हवी असेल तर आम्ही आहोत. मुलगी लालबुंद झाली. तेवढ्यात झगझगीत जाकीट घातलेला एक पोरगा मध्ये येऊन चालायला लागला. मला कळेचना रागवायचं कोणावर. इतकं जवळ येऊ कसं देतात? मुलगी म्हणते पूर्वी इथे पिवळी रेघ होती, ती कोर्टानं पुसली. खरं का? (एक आई, मूळ नाशिक)

उत्तर : खरं आहे, आणि पुसली तीही नऊ विरुद्ध शून्य मतांनी.

आधी ती रेघ आली कुठून ते बघा. ३० डिसेंबर १९९४ ला बोस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये एका माणसानं एकाच सकाळी दोन क्लिनिकमध्ये शिरून गोळीबार केला, रिसेप्शनवर काम करणाऱ्या दोघी गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी फ्लोरिडात पेन्साकोलाला डॉक्टर डेव्हिड गन यांना क्लिनिकबाहेरच मारलं होतं. म्हणजे हे सगळं नुसतं कोण काय बोललं, कोणाला काय वाटलं असं नव्हतं, माणसं मरत होती. मग २००० साली मॅसॅच्युसेट्सनं कायदा केला की दाराजवळ कोणाच्याही परवानगीशिवाय त्याच्या सहा फुटांच्या आत जायचं नाही. आता गर्दीत सहा फूट मोजत कोण बसणार, पोलीसही वैतागले, म्हणून २००७ मध्ये सरळ ३५ फुटांची रेघ आखली, दारापासून, बाहेरच्या वाटेपासून, गाड्या आत जातात तिथपासून. फूटपाथवर पिवळा रंग मारला. ३५ फूट म्हणजे आपली लाल एसटी जेवढी लांब असते ना, साधारण तेवढं.

त्या रेघेविरुद्ध कोर्टात गेली ती एलिनॉर मॅक्कलन नावाची सत्तरी ओलांडलेली आजी. तिचं म्हणणं असं की मी बोर्ड नाचवत नाही, रक्ताचे फोटो दाखवत नाही, ओरडत नाही, मी जवळ जाऊन हळू आवाजात बोलते, आणि ३५ फुटांवरून हळू आवाजात बोलता येत नाही, तिथून बोलायचं तर ओरडावंच लागतं. हा मुद्दा मला पहिल्यांदा वाचला तेव्हाच लागला होता, कारण तो खरा आहे. २६ जून २०१४ ला सुप्रीम कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला, उदारमतवादी म्हणतात ते चारही जज त्यात आले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी म्हटलं की फूटपाथ हा सगळ्यांचा, आणि वाट अडवणाऱ्याला पकडायला तुमच्याकडे दुसरे कायदे आहेत ते तुम्ही वापरून तरी पाहिलेत का, गर्दी होते ती फक्त बोस्टनच्या एका क्लिनिकला शनिवारी सकाळी आणि रेघ मात्र अख्ख्या राज्यात बारा महिने. रंगवलेली रेघ पाळून घ्यायला सोपी असते हे मान्य, पण सोपेपणा हा काही भाषणस्वातंत्र्याचा हेतू नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे ते वकिलांना तोंडपाठ असतं.

राज्यानं महिनाभरात, जुलै संपायच्या आत, नवा कायदा आणला. आता रेघ आधीपासून नाही, पण वाट अडवली तर पोलीस आदेश देऊन त्या लोकांना २५ फूट मागे हटवू शकतात, आठ तासांपर्यंत. म्हणून तुमच्या मुलीजवळ ती बाई येऊ शकली.

माझं विचाराल तर निकाल पटतो पण पुरता नाही. कोर्टानं सगळा विचार एलिनॉर डोळ्यांसमोर ठेवून केला. पण क्लिनिकला जाणाऱ्या मुलीला समोरून येणारी बाई एलिनॉर आहे की आणखी कोणी हे कसं कळणार? ज्या गावात एकदा गोळ्या चालल्यात तिथे अनोळखी माणूस तुमच्याकडे रोखून चालत येतो तेव्हा त्याचा आवाज गोड आहे हे कळायलासुद्धा तो आठ फुटांवर यावा लागतो. आणि तुमची मुलगी तर गर्भपातासाठी गेलीही नव्हती. हे फार वेळा होतं, अशा क्लिनिकला बायका तपासणीला, गोळ्यांना, गाठ दाखवायला जातात, आणि बाहेर सगळ्यांना एकाच मापानं मोजलं जातं.

तो जाकीटवाला पोरगा म्हणजे एस्कॉर्ट, स्वयंसेवक असतात, काम फक्त दारापर्यंत सोबत चालायचं आणि वाद घालायचा नाही. पत्रक घ्यायची सक्ती नाही, उत्तर द्यायचीही नाही. कोणी खरंच वाट अडवली किंवा धमकावलं तर १९९४ चा केंद्राचा कायदा आहे, फेस ॲक्ट म्हणतात, मात्र जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी त्याखाली शिक्षा झालेल्या २३ जणांना माफी देऊन टाकली, त्यामुळे दिल्लीवर, म्हणजे वॉशिंग्टनवर, फार भरवसा न ठेवता राज्याच्या पोलिसांना फोन करायचा.

प्रश्न : मी पुण्यात लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला शिकवतात की आपल्या घटनेतल्या १९(१)(अ) च्या भाषणस्वातंत्र्यावर १९(२) ची वाजवी बंधनं आहेत, पण तोच हक्क देणाऱ्या अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत बंधनं लिहिलेलीच नाहीत. मग तिथे कुठलीही रेघ टिकते कशी? (एक विद्यार्थी)

उत्तर : लिहिलेली नाहीत, कोर्टानं घडवलीत. काय बोलता यावर बंदी जवळपास अशक्य, पण कधी, कुठे, कशा रीतीनं यावर बंधन चालतं, अट एवढीच की ते विषय बघून लावलेलं नसावं, गरजेपेक्षा मोठं नसावं आणि बोलायला दुसरी जागा उरावी. गंमत बघ, मतदान केंद्राची रेघ तिथेही आहे, टेनेसीची १०० फुटांची, आणि ती १९९२ मध्ये टिकली, ती तर उघड विषय बघूनच लावलेली, प्रचाराला बंदी बाकी बोला, तरी टिकली, कारण मत देणाऱ्याला शेवटच्या काही पावलांत एकटं सोडावं हे सगळ्यांना पटतं. क्लिनिकच्या बाबतीत मात्र कोर्टानं दर थोड्या वर्षांनी वेगळी फूटपट्टी काढली. १९९४ ला फ्लोरिडातली ३६ फुटांची रेघ ठेवली पण त्याच आदेशातली ३०० फुटांची मनाई उडवली. १९९७ ला न्यूयॉर्कमध्ये दारापासून १५ फूट चालेल म्हणाले पण बाईबरोबर चालत जाणारं १५ फुटांचं तरंगतं वर्तुळ नाही चालणार म्हणाले. आणि तीनच वर्षांनी, २००० ला, कोलोराडोचं आठ फुटांचं तरंगतं वर्तुळ सहा विरुद्ध तीन मतांनी चक्क चाललं, दवाखान्याच्या दारापासून १०० फुटांच्या आत कोणाच्या आठ फूट जवळ पत्रक द्यायला, बोर्ड दाखवायला किंवा समजवायला त्याच्या संमतीशिवाय जायचं नाही. हिल विरुद्ध कोलोराडो, हा निकाल वाच, आणि जज स्कॅलियांचं विरोधी मत तर वाचच, चिडलेला माणूस किती चांगलं लिहू शकतो ते कळेल.

हिल अजून उभा आहे, पण खांब पोखरलेत. डॉब्ज निकालात, म्हणजे २०२२ ला गर्भपाताचा हक्क काढून घेतला त्यात, गर्भपातामुळे कायद्याच्या बाकी शाखा वाकड्या झाल्या म्हणून हिलकडे बोट दाखवलेलं आहे. मग इलिनॉयच्या दक्षिण टोकाला कार्बनडेल नावाचं गाव आहे, शेजारच्या राज्यांत बंदी आल्यावर तिथे रुग्ण यायला लागले आणि मागून निदर्शकही आले, गावानं जानेवारी २०२३ ला कोलोराडोसारखाच नियम केला, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत जातोय म्हटल्यावर २०२४ च्या जुलैत गुपचूप मागे घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोर्टानं ते प्रकरण ऐकायला नकार दिला, थॉमस आणि अलिटो हे दोन जज मात्र म्हणाले की ऐकायला हवं होतं. तू वकील होशील तोपर्यंत हिल राहील की नाही यावर मी पैज लावणार नाही.

आणि एक, परीक्षेत लिहू नकोस पण लक्षात ठेव, ज्या कोर्टानं फूटपाथ सगळ्यांचा म्हणून रेघ पुसली त्याच कोर्टाच्या स्वतःच्या संगमरवरी अंगणात निदर्शनं करायला बंदी आहे.

प्रश्न : इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. ऑफिसात एक गोरा सहकारी रोज मला ऐकवतो की तुम्हाला माहितीये का, आमच्या देशात आता मनातल्या मनात प्रार्थना केली तरी अटक होते. व्हॉट्सॲपवरही तेच फिरतंय. एवढं वेडेपण खरंच आहे का? (सॉफ्टवेअरवाला)

उत्तर : अर्धं खरं. आणि अर्धं खरं असलेलंच जास्त फिरतं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक गर्भपात क्लिनिकभोवती १५० मीटरचा सेफ ॲक्सेस झोन आहे, क्रिकेटच्या साडेसात खेळपट्ट्या लांब. त्याच्या आत कोणाच्या निर्णयावर प्रभाव पाडायचा, वाट अडवायची किंवा त्रास, भीती, मनस्ताप द्यायचा हा गुन्हा, शिक्षा फक्त दंड पण त्याला कमाल मर्यादा नाही. त्याआधी हे काम नगरपालिकांच्या आदेशांवर चालायचं, पहिला आदेश २०१८ ला लंडनच्या ईलिंगमध्ये निघाला, आपल्या लोकांची वस्ती असलेलं साउथॉल ज्यात येतं तोच विभाग.

आता प्रार्थना. बर्मिंगहॅममध्ये २०२२ च्या अखेरीस इझाबेल वॉन-स्प्रूस नावाची बाई नुसती उभी होती, पोलिसानं विचारलं प्रार्थना करतेयस का, ती म्हणाली मनात करत असेनही. तिला अटक झाली. २०२३ ला निर्दोष सुटली, परत अटक झाली, आणि २०२४ ला पोलिसांनी तिला १३ हजार पौंड देऊन विषय मिटवला. दुसरा बोर्नमथचा, ॲडम स्मिथ-कॉनर, क्लिनिककडे पाठ करून मान खाली घालून उभा. तिथल्या नगरपालिकेच्या आदेशात काय काय बंद होतं माहितीये? ऐकू जाईल अशी प्रार्थना, बायबल म्हणणं, गुडघे टेकणं, पवित्र पाणी शिंपडणं, छातीवर क्रूस करणं. त्याला विचारलं प्रार्थना कशाबद्दल, तो म्हणाला माझ्या मुलाबद्दल, बावीस वर्षांपूर्वी ज्याच्या गर्भपाताचे पैसे मीच दिले होते त्याच्याबद्दल. कर्मचारी त्याच्याशी एक तास चाळीस मिनिटं बोलत होता, इथून हला म्हणून, तो हलला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोषी ठरला, तुरुंग नाही, दोन वर्षं सांभाळून राहा आणि खटल्याच्या खर्चाचे ९ हजार पौंड भर. म्हणजे शिक्षा कागदोपत्री प्रार्थनेची नाही, हल म्हटल्यावर न हलल्याची. सहकाऱ्याला एवढं सांग. पण त्याला हे पण सांग की तुझा राग पूर्ण चुकीचा नाही, कारण माणसाला हलवायचं की नाही हे ठरवण्यासाठी त्याला आधी विचारावं लागतं की तुझ्या मनात काय चाललंय, आणि तो प्रश्न पोलिसाच्या तोंडात मला अजिबात आवडत नाही. त्याच जागी त्याच पोझमध्ये कोणी बसची वाट बघत उभा असता तर?

मूक प्रार्थना वगळावी अशी दुरुस्ती मार्च २०२३ मध्ये संसदेत आली होती, ११६ विरुद्ध २९९ नं पडली. तिच्या विरोधातला युक्तिवादही ऐक, तो हलका नाही. रोज सकाळी तेच आठ जण दाराशी गप्प उभे राहून तुमच्याकडे बघत असतील तर त्या गप्प राहण्यालाही अर्थ असतो. गावाकडे बहिष्कार टाकलेल्या घरासमोर कोणी शिव्या देत नाही, फक्त बघतात. ज्यानं ते बघितलंय त्याला मूक म्हणजे निरुपद्रवी असं सांगू नये. सरकारी वकिलांच्या सूचना आता असं म्हणतात की मूक प्रार्थना म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे, परिस्थिती बघायची. परिस्थिती बघायची म्हणजे काय ते प्रत्येक पोलीस ठरवणार, तिथेच घोळ.

स्कॉटलंडचं मात्र व्हॉट्सॲपवर उगाच वाढवलंय. तिथे २४ सप्टेंबर २०२४ पासून २०० मीटर आहे, झोनमधल्या घरांना सरकारची पत्रं गेली होती की घरातून केलेली गोष्ट बाहेर दिसली किंवा ऐकू गेली आणि ती मुद्दाम किंवा बेफिकिरीनं केलेली असली तर गुन्हा होऊ शकतो. खिडकीत बोर्ड लावणं त्यात बसेल. फेब्रुवारी २०२५ ला म्युनिकमध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी त्याचं घरात प्रार्थना केली तरी कायदा मोडतो असं करून टाकलं. पत्रात प्रार्थना हा शब्द नव्हता.

प्रश्न : ताई, आम्ही वसईचे कॅथलिक. माझा भाचा इंग्लंडला नर्स आहे. उपवासकाळात तो आणि त्याच्या चर्चमधले काही जण क्लिनिकजवळ रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला जायचे, कोणाला शिवी नाही, फोटो नाही. आता तो घाबरलाय. मे महिन्यात आमच्या आळीत क्रॉससमोर रस्त्यावर बसून आम्ही रोजरी म्हणतो, कोणाला त्रास होत नाही, उलट हिंदू शेजारी चणे खायला थांबतात. तुम्ही मागच्या अंकात रेघेचं कौतुक केलंत. प्रार्थनेलाही रेघ? (एक मावशी)

उत्तर : मावशी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. भाचा वाईट हेतूनं जात नव्हता हे मला मान्य, आणि जे तुम्हाला जीव वाटतं त्याच्यासाठी रस्त्यावर उभं राहावंसं वाटणं यात गुन्हेगारासारखं काहीच नाही. क्लिनिकबाहेर चाळीस दिवस प्रार्थना करायची ही चळवळ २००४ मध्ये टेक्सासमध्ये सुरू झाली, तिथून इंग्लंडला आली, त्यात जाणारे बरेचसे तुमच्या भाच्यासारखेच असतात.

पण आळीतली रोजरी आणि ही रोजरी यात एक फरक आहे. आळीत ज्याला नको तो दार लावून घेतो, किंवा मागच्या वाटेनं जातो. क्लिनिकला जाणाऱ्या बाईला मागची वाट नसते. तिची वेळ ठरलेली, जागा ठरलेली, त्या दिवशी त्या दारातूनच जायचं आहे. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२२ मध्ये उत्तर आयर्लंडचा कायदा तपासला तेव्हा याच गोष्टीवर भर दिला, की धर्म, बोलणं, जमणं हे हक्क आहेतच, पण समोरच्या बाईलाही खासगीपणाचा हक्क आहे आणि ती त्या जागी अडकलेली आहे, आणि निदर्शकांना बाकी सगळा देश मोकळा आहे. सगळ्या जजनी एकमतानं कायदा ठेवला.

मला यात खुपतं ते अंतर. १०० मीटर, १५०, २००, हे आकडे देशागणिक बदलतात आणि कोणीच नीट सांगत नाही की ११० का नाही. अमेरिकेत ३५ फूट, म्हणजे जेमतेम अकरा मीटर, जास्त झाले आणि इंग्लंडला १५० मीटर योग्य. माझ्या मते दोन्ही टोकं आहेत. तीस-चाळीस मीटरची रेघ, तिच्या आत कोणीही नको, प्रार्थना करणारे नको, गर्भपाताच्या बाजूनं घोषणा देणारेही नको, आणि बाहेर सगळ्यांना सगळं मोकळं, मनात काय आहे ते विचारायचंच नाही. पण मला कोण विचारतंय.

भाच्याला सांगा की घाबरू नको, रोजरी बंद नाही, १५० मीटरच्या पलीकडे कर, चर्चमध्ये तर करच. झोनच्या आत पोलिसानं जायला सांगितलं तर त्या क्षणी निघायचं, वाद नंतर वकिलामार्फत. एप्रिल २०२५ मध्ये बोर्नमथलाच लिव्हिया टोसिची-बोल्ट या बाईला ‘बोलायचं असेल तर मी आहे’ अशा अर्थाची पाटी घेऊन उभं राहिल्याबद्दल दोषी ठरवलं, खर्चापोटी २० हजार पौंड. व्हिसावर असलेल्या पोरानं असल्या केसमध्ये अडकू नये.

प्रश्न : आयर्लंडमध्ये गॉलवेला नर्स आहे, कोल्हापूरची. आमच्याकडे पण १०० मीटर आलंय. इथे सगळे सविताचं नाव घेतात, मराठी मासिकात कोणी लिहितं का? (एक वाचक)

उत्तर : लिहायला हवं. सविता हलप्पनवार, बेळगावची, दातांची डॉक्टर, वय ३१. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला होता, वाचणार नव्हताच, तिनं गर्भपात मागितला, ठोके आहेत तोवर करता येणार नाही म्हणाले, आणि २८ तारखेला जंतुसंसर्गानं ती गेली. मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी घटनेतली बंदी काढली तेव्हा डब्लिनमध्ये तिच्या चित्राच्या भिंतीवर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तुमचा १०० मीटरचा कायदा १७ ऑक्टोबर २०२४ ला लागू झाला. ज्या देशात २०१२ मध्ये आत उपचार मिळत नव्हता तिथे आता बाहेरची वाट मोकळी ठेवायचा कायदा आहे.

प्रश्न : गर्भपात म्हणजे स्त्रीभ्रूणहत्याच. त्याविरुद्ध बोलणाऱ्यांना हटवणं म्हणजे पापाला पाठिंबा. तुम्ही असल्या गोष्टी छापता हेच दुर्दैव. (सांगली, नाव नाही)

उत्तर : नाव लिहिलं असतंत तरी छापलं असतं. मुलगी आहे म्हणून पाडणं हा गुन्हाच आहे, आणि गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानंच १९८८ मध्ये केला. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१ चा. दोन्ही एकाच पोत्यात घालू नका, त्यानं सोनोग्राफीवाला सुटतो आणि बाई सापडते. बाकी बोलायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही, आत्ताच बोललात की.

प्रश्न : आपल्याकडे क्लिनिकबाहेर असे मोर्चे का नसतात? आपण जास्त पुढारलेले म्हणायचं का? (शिक्षिका, कराड)

उत्तर : तसं म्हणायला आवडलं असतं. आपल्याकडे गर्भपात हा निवडणुकीचा विषय झाला नाही, १९७१ चा कायदा कुटुंब नियोजनाच्या काळात आला आणि तो डॉक्टरांचा विषय राहिला. २०२१ ला मुदत काही स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढली, सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं अविवाहित बाईलाही तोच हक्क म्हटलं, कुठे टायर जळला नाही. दवाखान्याबाहेर आपल्याकडे रेघ आहे ती आवाजाची, शांतता क्षेत्र १०० मीटर, आणि तिच्या आत डीजे वाजतो ते आपण ऐकतोच.

पण आपली निदर्शनं दाराबाहेर नसतात म्हणून ती नसतातच असं नाही. ती आत असतात, काउंटरवर. चार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलीबरोबर गेले होते, लग्न झालेली, एक मूल, दुसरं आत्ता नको होतं. जिल्ह्याच्या गावातला बरा मोठा दवाखाना. बाकावर सात-आठ बायका, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर, आणि काउंटरवरची बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ‘कशासाठी? पाडायचंय? मिस्टर आलेत का? त्यांची सही लागेल.’ बाक एकदम गप्प झालं. मी म्हटलं कायद्यात फक्त हिची सही लागते, सज्ञान बाईला नवऱ्याची, सासूची, कोणाचीच नाही. बाई म्हणाली, आमच्याकडे पद्धत आहे. आणि नाव गुप्त ठेवायचं, नाहीतर एक वर्षापर्यंत कैद, हे २०२१ च्या दुरुस्तीत आहे म्हटल्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मोर्चा घेऊन आलेय. शेवटी डॉक्टरांना आत जाऊन भेटले तेव्हा झालं. पोरगी परत येताना रिक्षात एवढंच म्हणाली की त्या बाकावर आईच्या शाळेतल्या एक बाई होत्या.

बोस्टनच्या पत्रातली मुलगी निदान समोर आलेल्या बाईला ओळखत नव्हती.

प्रश्न : एक तांत्रिक शंका. हे १०० मीटर, १५० मीटर नक्की कुठून मोजतात? दारापासून की कंपाउंडपासून? (निवृत्त सर्व्हेअर, सातारा)

उत्तर : तुम्ही विचारणारच होतात. इंग्लंडमध्ये क्लिनिकच्या कुठल्याही भागापासून किंवा ते ज्या आवारात आहे त्याच्या कुठल्याही प्रवेशापासून. स्कॉटलंडमध्ये आवाराच्या कडेपासून, त्यामुळे ग्लासगोसारख्या मोठ्या हॉस्पिटलभोवती झोन केवढा तरी पसरतो, घरं, बसस्टॉप सगळं आत. मॅसॅच्युसेट्सची पिवळी रेघ दारापासून आणि गाडीच्या वाटेपासून होती.

आमच्या वॉर्डात गेल्या वेळी फक्की मारणाऱ्या शिपायाला मी हाच प्रश्न विचारला, गेटपासून की खोलीपासून. तो म्हणाला, ‘मॅडम, टेप कुठाय, पावलं मोजलीत.’ मग पलीकडे टेबल मांडणाऱ्यांकडे बघून त्यानं आणखी चार पावलं टाकली आणि तिथे रेघ मारली.